बांधाच्या कुंपणाला बेशरम की निर्गुडी?

निफाडकडे कालव्याच्या चारीलगत शेत असेल आणि बांधावर जिवंत कुंपण करायचं असेल, तर बहुधा ही दोनच नावं सुचवली जातात. दोन्हींच्या काड्या फुकट मिळतात आणि हिरवा चारा असेपर्यंत शेळ्या सहसा दोन्हींना तोंड लावत नाहीत.

वाढीत बेशरम सरस, हे मान्य करायला हवं. जूनमध्ये हातभर काडी खोचली की त्याच हंगामात आडोसा होतो. फिकट गुलाबी-जांभळी फुलंही भरपूर येतात. निर्गुडीला दाट व्हायला साधारण दोन पावसाळे लागतात.

अडतं ते छाटणीत. बेशरमची हिरवी फांदी ओल्या मातीवर पडली की पेरांतून मुळं फुटतात. चारीत पडलेला तुकडा वाहत जाऊन वळणावर अडकतो, रुजतो, गाळ धरतो, आणि खालच्या शेताचं पाणी तुंबतं. म्हणजे प्रत्येक छाटणीनंतर काडी न् काडी वेचून आणायची, कोरड्या खडकावर पसरून पूर्ण वाळवायची. मजुरांकडून हे दरवेळी होईल, असं धरून चालणं कठीण. शिवाय चारा टंचाईत शेळ्यांना हिची चटक लागते. पानांतलं स्वेन्सोनीन हे विषारी द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करतं. शेळी थरथरते, अडखळते, खंगत जाते.

निर्गुडीची छाट बांधावरच पडू दिली तरी एवढा उपद्रव होत नाही, आणि तिच्या निळसर तुऱ्यांवर मधमाश्या येतात. लागवडीला पेन्सिलीपेक्षा जाड, पक्व काडी घ्यावी. लांबी दीड फूट, दोन-तीन डोळे मातीत. दोन ओळी, काड्यांत एक फूट अंतर, दुसरी ओळ पहिलीच्या फटींसमोर. शंभर फुटांना सुमारे दोनशे काड्या लागतील. नांग्या, म्हणजे काडी न रुजल्याने राहिलेल्या रिकाम्या जागा, भरायला वीस-पंचवीस जास्तीच्या पिशवीत लावून ठेवाव्यात. काडी उलटी खोचली गेली तर फुटत नाही, म्हणून खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापावं. गुडघाभर वाढली की शेंडा खुडावा, नाहीतर बुडाशी विरळ राहते आणि कुत्री-डुकरं आत शिरतात. पहिल्या उन्हाळ्यात पाणी मात्र चुकवू नये.

चारीपासून लांब, जनावरं नसलेल्या जागी घाईचा आडोसा हवा असेल, तर बेशरम चालू शकेल. जुनी काढायची असल्यास एप्रिल-मेच्या उन्हात बुंध्यासकट खणावी. नुसती कापली तर पावसात पुन्हा फुटते.