टकीलातले तिखट: मिरची भिजवावी की ठेचावी?

घरी तिखट मार्गारिटा करायची म्हटल्यावर ६० मिलि टकीला, ३० मिलि ताजा लिंबाचा रस आणि २० मिलि संत्र्याचे लिकर या प्रमाणाबद्दल सहसा वाद होत नाही. घोळ होतो तो मिरचीपाशी: ती शेकरमध्ये आयत्या वेळी ठेचावी, की आधीच टकीलात भिजत घालावी?

ठेचण्याला वेळ लागत नाही आणि ओल्या मिरचीचा ताजा हिरवा वास थेट ग्लासात उतरतो. दोन पातळ काप शेकरच्या तळाशी लाकडी दांड्याने हलकेच दाबावेत, बाकीचे सर्व बर्फासह घालून दहा-बारा सेकंद जोराने हलवावे आणि बारीक गाळणीतून गाळावे. मात्र गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच वाट्यातून घेतलेल्या दोन मिरच्याही सारख्या तिखट नसतात, त्यामुळे पहिला ग्लास मवाळ आणि दुसरा डोळ्यांतून पाणी काढणारा, असे हमखास घडते. तिखटाचा मुख्य साठा बियांत नसून त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात असतो, म्हणून निदान तो तरी खरवडून काढावा.

भिजवण्याचा फायदा असा, की मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही पण मद्यात सहज उतरते, आणि एकदा गाळलेली टकीला शेवटच्या ग्लासापर्यंत सारखीच तिखट राहते. पूर्ण बाटली कधीही पणाला लावू नये; १८० मिलि टकीलात एकच मिरची उभी चिरून घालावी आणि अर्ध्या तासानंतर दर पंधरा मिनिटांनी थेंबभर चाखावी. चाखल्यावर थोडे थांबावे, कारण हे तिखट जिभेवर उशिरा चढते. गेल्या कार्निव्हलच्या आदल्या रात्री मी दोन लवंगी मिरच्या बाटलीत विसरलो होतो. ती टकीला पुढे कित्येक महिने साध्या टकीलात चमच्याचमच्याने मिसळून संपवावी लागली. काणकोणची सुकी लाल खोला मिरची, जिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती तर भिजवण्यासाठीच घ्यावी. ठेचून तिच्यातून फारसे काही निघत नाही.

मिरचीचा साखरपाक हा तिसरा मार्ग मला पटत नाही, कारण तिखट वाढवायला गेले की गोडही वाढते.

हुर्राकात, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूत, उभी चिरलेली मिरची नुसती टाकण्याची आपल्याकडची उन्हाळी रीत इथे का चालवू नये, असे कोणी विचारील. हुर्राक टकीलापेक्षा पुष्कळ सौम्य असते आणि त्यात सोडाही पडतो, म्हणून मिरची ग्लासात राहिली तरी बेताचीच उतरते. कडक मार्गारिटात तीच मिरची शेवटचे घोट असह्य करू शकते. टकीलाऐवजी काजूची फेणी वापरली तर तिखट राहते, पण फेणीच्या उग्र दर्पापुढे मिरचीचा वास टिकत नाही.

एकदोघांसाठी ठेचलेली मिरची पुरे आहे. चार माणसे येणार असतील तर दुपारीच भिजत घालावी, तीही लाकडी पिंपात न मुरवलेल्या पांढऱ्या टकीलात, कारण मुरलेल्या टकीलाची लाकडाची चव मिरचीच्या ताजेपणावर कुरघोडी करते. बाटलीवर ‘शंभर टक्के अगावे’ (टकीला ज्यापासून करतात ती वनस्पती) असे लिहिलेले नसेल, तर त्या मद्यातला ४९ टक्क्यांपर्यंतचा भाग इतर साखरेपासून आलेला असू शकतो, हे घेताना लक्षात ठेवावे. आणि मिरची चिरल्यावर हात साबणानेच धुवावेत. नुसत्या पाण्याने ते तिखट बोटांवरूनही जात नाही.