प्रचाराच्या मधेच मंदी कोसळली तर: मॅककेन यांचा मार्ग की ओबामांचा?

आर्थिक संकटात राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार कसा चालवायचा हे ज्यांना ठरवायचंय, म्हणजे प्रचाराच्या टीममध्ये काम करणारी मंडळी किंवा याचा अभ्यास करणारे, त्यांनी माझ्या मते सगळं बाजूला ठेवून आधी अमेरिकेतला २००८ चा सप्टेंबर बघावा. असा योग परत जुळणं कठीण आहे. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅककेन आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा, दोन्ही उमेदवार सिनेटर, दोघांवर संकट एकाच दिवशी आलं, शेवटी दोघांनी सिनेटमध्ये एकाच बेलआउटच्या, म्हणजे सरकारी पैशाने बँका वाचवायच्या योजनेच्या, बाजूने मत दिलं, आणि तरी एकाचा प्रचार त्या तीन आठवड्यांत पुढे निघून गेला आणि दुसऱ्याचा त्यानंतर सावरलाच नाही. उपाय दोघांचा सारखाच होता, त्यामुळे जो काय फरक पडला तो डावपेचांचा, असं म्हणायला इथे बरीच जागा आहे.

ढोबळ बघायचं तर मॅककेन यांचा मार्ग म्हणजे संकट आलं की थेट त्यात उडी घ्यायची, प्रचार थांबवायचा, वॉशिंग्टन गाठायचं, लोकांना दाखवायचं की मी देशाला आधी ठेवतो. ओबामांचा मार्ग म्हणजे ठरलेलं वेळापत्रक मोडायचं नाही, बोलायचं कमी आणि मोजून, पडद्यामागे माहिती घेत राहायचं आणि समोरचा चुकेल तेव्हा त्याला चुकू द्यायचं. ऐकताना पहिला मार्ग धाडसाचा वाटतो आणि दुसरा जरा बेताचा. पण एकेक दिवस घेऊन बघा.

१५ सप्टेंबर, सोमवार. लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तशीच दुसरी बँक मेरिल लिंच आदल्याच दिवशी बँक ऑफ अमेरिकाच्या पदरात पडली होती, शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स त्या दिवशी ५०४ अंकांनी आपटला. मॅककेन फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला होते आणि तिथे ते म्हणाले की अर्थव्यवस्थेचा पाया अजून मजबूत आहे. आता न्यायाने सांगायचं तर त्याच दमात ते असंही म्हणाले होते की लोक घाबरलेत आणि काळ फार कठीण आहे, पण प्रचारात पूर्ण वाक्य कोण ऐकतं, आणि हेच वाक्य ते आधीही वापरत आले होते, म्हणजे तोंडात बसलेलं वाक्य त्या दिवशीही बाहेर पडलं. ओबामा कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला होते, त्यांनी तिथल्या तिथे विचारलं की सिनेटर, तुम्ही नक्की कुठल्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलताय? त्याच दिवशी मॅककेन यांना ऑर्लँडोत खुलासा करावा लागला की पाया म्हणजे मला अमेरिकन कामगार म्हणायचं होतं. खुलासा वाईट नव्हता पण उशीर झाला होता, जाहिरातीसाठी वाक्य मिळून गेलं होतं.

पुढचे चार दिवस मॅककेन यांच्यासाठी आणखी वाईट गेले. एआयजी या विमा कंपनीला सरकारने ८५ अब्ज डॉलर देऊन वाचवलं, त्यावर ते आधी विरोधात बोलले आणि दुसऱ्याच दिवशी नाइलाज होता म्हणाले. मग आयोवात सीडर रॅपिड्सला म्हणाले की मी अध्यक्ष असतो तर एसईसीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाच्या, चेअरमनला, ख्रिस्तोफर कॉक्सना, काढून टाकलं असतं. कॉक्स त्यांच्याच पक्षाचे माजी खासदार, आणि अध्यक्षाला एसईसीच्या सदस्याला असं उचलून काढता येतं का हाच मुळात वादाचा मुद्दा, त्यामुळे बातमी कॉक्सची न होता मॅककेन यांच्या घाईची झाली. रोज नवी भूमिका घेतली की लोकांच्या लक्षात भूमिका राहत नाहीत, बदलणं तेवढं लक्षात राहतं.

आता २४ सप्टेंबर. हा दिवस मी जरा सविस्तर सांगतो कारण सगळा निर्णय इथे कळतो. ट्रेझरी सेक्रेटरी, म्हणजे अर्थमंत्री, हँक पॉलसन यांनी बेलआउटचा ७०० अब्ज डॉलरचा प्रस्ताव मांडलेला होता, मूळ मसुदा जेमतेम तीन पानांचा, आणि काँग्रेसमध्ये दोन्ही बाजूंनी कुरबुर चालू होती. सकाळी ओबामांनी मॅककेनना फोन लावला, दोघांनी मिळून एक संयुक्त निवेदन काढावं असा विषय होता. मॅककेन यांचा उलट फोन दुपारी आला. बोलणं झालं, आणि थोड्याच वेळात मॅककेन टीव्हीवर येऊन म्हणाले की मी प्रचार स्थगित करतोय, वॉशिंग्टनला जातोय, आणि शुक्रवारची मिसिसिपीची डिबेट पुढे ढकला. ओबामा फ्लोरिडात क्लिअरवॉटरला होते. त्यांचं उत्तर साधं होतं, अध्यक्षाला एका वेळी एकापेक्षा जास्त गोष्टी सांभाळाव्याच लागतात. एवढंच बोलले आणि डिबेटची तयारी चालू ठेवली.

मग स्थगिती कशी दिसली ते बघा. त्याच संध्याकाळी मॅककेन विनोदी निवेदक डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही शोवर जाणार होते, ते तातडीने निघावं लागतंय म्हणून रद्द केलं, आणि त्याच वेळी ते न्यूयॉर्कमध्येच सीबीएस वाहिनीवर पत्रकार केटी कुरिकना मुलाखत देत होते. लेटरमनने ते फुटेज आपल्या शोमध्ये लोकांना दाखवलं. रात्री ते न्यूयॉर्कमध्येच राहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एका कार्यक्रमात भाषण केलं आणि मग वॉशिंग्टनला गेले. यात गुन्हा काही नाही, पण आग लागली म्हणून सगळं सोडून धावतोय असं एकदा सांगितलं की पुढचा प्रत्येक तास लोक मोजतात.

२५ तारखेला व्हाइट हाउसमध्ये बैठक झाली. अध्यक्ष बुश, पॉलसन, काँग्रेसमधले डेमोक्रॅट नेते पेलोसी आणि रीड, रिपब्लिकन नेते बेनर (हाउस, म्हणजे कनिष्ठ सभागृह) आणि मॅकॉनेल (सिनेट), आणि दोन्ही उमेदवार एका टेबलाभोवती. डेमोक्रॅट्सनी आधीच ठरवलं होतं की आपल्या बाजूने ओबामा बोलतील, आणि ते आकडे नि मुद्दे घेऊन बोलले. रिपब्लिकन बाजूला मात्र हाउसमधल्या खासदारांना पॉलसनचा प्लॅन मान्य नव्हता, त्यांना सरकारने खराब कर्जरोखे विकत घेण्याऐवजी विम्यासारखी योजना हवी होती. ज्यांनी ही बैठक व्हावी म्हणून प्रचार थांबवला ते मॅककेन बराच वेळ गप्प होते, आणि बोलले तेव्हाही पॉलसनचा प्लॅन की हाउसवाल्यांचा, हे स्पष्ट झालं नाही. बैठक फिसकटली. शुक्रवारी तडजोड झालेली नसतानाही ते डिबेटला गेले, म्हणजे स्वतःच घातलेली अट स्वतःच सोडली. आणि सोमवारी २९ तारखेला हाउसने बेलआउट २२८ विरुद्ध २०५ ने पाडलं, डाऊ ७७८ अंकांनी कोसळला, आणि पाडणाऱ्यांत १३३ रिपब्लिकन होते, त्यात मॅककेन यांच्याच ॲरिझोनाचे चारही रिपब्लिकन खासदार.

माझं म्हणणं इथे आहे. उडी मारणं हाच दोष होता असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. ज्याच्या खिशात मतं आहेत त्याने उडी मारली असती तर तो हिरो ठरला असता. मॅककेन यांनी निघण्याआधी बेनरना नुसतं विचारायला हवं होतं की तुमच्याकडची किती मतं पक्की आहेत, आणि मी आलो तर ती वाढतील का. त्याचं उत्तर "माहीत नाही" असेल तर प्रचार थांबवायचा नाही, बस्स.

दुसऱ्या बाजूला ओबामांचा शांतपणा हा निव्वळ स्वभाव होता असं समजून कोणी तो उचलायला गेलं तर फसेल. त्याच्या मागे तयारी होती. मार्चमध्येच त्यांनी न्यूयॉर्कला कूपर युनियनमध्ये वित्तीय क्षेत्रावरच्या नियमांबद्दल एक सविस्तर भाषण केलेलं होतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये नवी भूमिका शोधायची वेळच आली नाही. पॉल व्होल्कर, रॉबर्ट रुबिन, लॅरी समर्स अशी मध्यवर्ती बँक किंवा अर्थखातं सांभाळलेली माणसं सल्ल्याला होती, पॉलसनशी फोनवर नियमित बोलणं होतं. बेलआउट पडल्यावर त्यांनी हाउसमधल्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट खासदारांना स्वतः फोन केले. १ ऑक्टोबरला सिनेटने ७४ विरुद्ध २५ ने आणि ३ ऑक्टोबरला हाउसने २६३ विरुद्ध १७१ ने विधेयक मंजूर केलं. हे सगळं करताना त्यांनी मी वाचवलं असा दावा केला नाही, आणि ते फार शहाणपणाचं होतं कारण बेलआउट लोकांना अजिबात आवडत नव्हतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ओबामांनी सरकारी निवडणूक निधी नाकारला, मॅककेननी घेतला आणि त्यामुळे ते ८४ दशलक्ष डॉलरच्या मर्यादेत अडकले. ओबामांनी एकट्या सप्टेंबरात १५० दशलक्षांहून जास्त गोळा केले. संकटात जाहिरातींची ही ताकद मोठी ठरते, पण तो निर्णय जूनमध्ये झाला होता, सप्टेंबरात घेता येण्यासारखा नव्हता.

तिसरा एक मार्ग असतो, विषयच बदलायचा. ऑक्टोबरात मॅककेन यांची टीम तिकडे वळली, ओबामांचे जुने संबंध, एकेकाळचे जहाल डावे बिल एअर्स वगैरे, आणि मॅककेन यांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन सभांमधून तेच बोलायला लागल्या. ज्यांच्या पेन्शनचे पैसे रोज कमी होतायत त्यांना हे ऐकायचं नव्हतं. वर सभांमधलं वातावरण तापलं ते वेगळंच. १० ऑक्टोबरला मिनेसोटात लेकव्हिलला एक बाई ओबामांबद्दल म्हणाली की तो अरब आहे, तेव्हा मॅककेननी तिच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाले, नाही मॅडम, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, त्यांच्याशी माझे फक्त मतभेद आहेत. स्वतःच्याच सभेत लोकांनी त्याआधी हुर्यो केली होती तरी ते हटले नाहीत. मला हा माणूस त्या क्षणी फार मोठा वाटतो. पण डावपेच म्हणून बघाल तर यातून एक गोष्ट कळते, ज्या रस्त्याने शेवटपर्यंत जायला उमेदवाराचं मनच तयार नाही त्या रस्त्यावर टीमने त्याला उभं करू नये.

मॅककेन यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बुश यांची लोकप्रियता तेव्हा तीस टक्क्यांच्या आसपास आणि त्याच्याही खाली गेलेली, आठ वर्षं पक्ष सत्तेत, अशा वेळी गप्प बसलं तर हरणार हे त्यांना दिसत होतं. रिपब्लिकन अधिवेशनानंतर काही दिवस पोलमध्ये ते पुढे होते, लेहमनने ते सगळं पुसलं. मागे असलेल्याने जोखीम घ्यायची हे बरोबरच आहे, प्रश्न कुठली जोखीम हा आहे. ओबामांना ३६५ आणि मॅककेनना १७३ इलेक्टोरल मतं असा निकाल लागला, आणि वेगळे डावपेच असते तर मॅककेन जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही, अंतर कमी झालं असतं कदाचित.

एकाच निवडणुकीवरून ठरवू नका म्हणून मागचीही बघा. १९३२ मध्ये, महामंदीत, विरोधी उमेदवार रूझवेल्ट विमानाने थेट शिकागोच्या अधिवेशनात जाऊन उमेदवारी स्वीकारायला उभे राहिले, तेव्हा तशी पद्धत नव्हती, म्हणजे उडी त्यांनीही मारली, पण ती दिसण्यातली होती. धोरणात ते इतके सावध की ऑक्टोबरात पिट्सबर्गला सरकारी खर्च २५ टक्के कापायचं आश्वासन देऊन आले. १९८० मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या पुढे असताना विरोधी उमेदवार रेगननी क्लीव्हलँडच्या डिबेटमध्ये लोकांना फक्त विचारलं की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का. त्यासाठी योजना लागत नाही, पण हा प्रश्न विचारायचा हक्क सत्तेबाहेरच्यालाच असतो.

१९९२ तर सत्ताधाऱ्यांनी मुद्दाम वाचावं. मंदी अधिकृत हिशोबाने मार्च १९९१ लाच संपली होती, पण ती संपली हे ठरवणाऱ्या एनबीईआर या संशोधन संस्थेने तसं जाहीर केलं डिसेंबर १९९२ मध्ये, निवडणूक होऊन गेल्यावर. तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश सुधारणा होतेय म्हणत राहिले आणि बेकारी त्या जूनमध्ये ७.८ टक्के होती, कोण विश्वास ठेवणार. रिचमंडच्या डिबेटमध्ये एका बाईने विचारलं की देशावरच्या कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय त्रास झालाय, तर बुश तिचा प्रश्न समजून घेण्यातच अडकले, आणि विरोधी उमेदवार क्लिंटन खुर्चीवरून उठून तिच्या जवळ गेले आणि तिलाच विचारलं की तुझ्यावर काय परिणाम झालाय, तुझ्या ओळखीतल्या किती जणांच्या नोकऱ्या गेल्या.

मग ठरवायचं कसं? तुमचा उमेदवार विरोधी पक्षाचा असेल तर ओबामांचा मार्ग, फार विचार करायची गरज नाही, फक्त संकट यायच्या आधी सहा महिने एक नीट भाषण आणि तीन-चार जाणकार माणसं तयार ठेवा. सत्ताधारी पक्षाचा असेल तर खरी पंचाईत आहे. तिथे मी म्हणेन पहिल्या दिवशी पाया मजबूत असलं काही बोलू नका, आपल्याच सरकारच्या कुठल्या गोष्टी चुकल्या ते पहिल्या आठवड्यात एकदाच स्पष्ट सांगा आणि त्यावर ठाम राहा, आणि उडी मारायचीच असेल तर आदल्या रात्री आपल्या पक्षाच्या खासदारांची यादी घेऊन बसा, नावं मोजा. यादी भरली तर सकाळी प्रचार थांबवल्याची घोषणा करा. नाही भरली तर डिबेटला जा.