निस्तार: पाणबुडी बचाव जहाज, कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीच्या नजरेतून

हिंदुस्थान शिपयार्डने बांधलेलं ‘आयएनएस निस्तार’ जुलै २०२५ मध्ये नौदलात आलं. खरं काम त्यावरून सुटणाऱ्या बचाव पाणबुडीचं: खोली ६५० मीटर, एका फेरीत १४ माणसं. तिथं दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६६ किलो दाब. कोल्हापुरात हायड्रॉलिक टेस्टिंग करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बचाव पाणबुडीच्या तळाचा स्कर्ट (घंटेसारखा घेर) खाली अडकलेल्या पाणबुडीच्या हॅचवर, म्हणजे दारावर, टेकवून स्कर्टच्या आतलं पाणी उपसलं की बाहेरचा दाबच सांधा घट्ट धरतो. हॅचभोवतीची बैठक, म्हणजे स्कर्ट टेकतो ती कडा, खरवडलेली किंवा कचऱ्यानं भरलेली असली तर सील धरत नाही, म्हणून आधी आरओव्हीनं (दूरनियंत्रित, माणसाविना चालणाऱ्या पाण्याखालच्या यंत्रानं) पाहणी हवीच. पाणबुडीत हवेचा दाब चढला असेल तर माणसं त्याच दाबात थेट जहाजावरच्या डीकॉम्प्रेशन चेंबरमध्ये (दाब हळूहळू उतरवणाऱ्या बंद खोलीत) घ्यावी लागतात, नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. आमच्या मते ही चेंबरची सोयच जहाजाची सर्वांत मोठी जमेची बाजू.