ऊस नाही, संसार आहे: आमच्या कॅम्पर व्हॅनची ४ वर्षं

"काकू, ऊस कुठाय?"

मिरजेजवळच्या वजनकाट्यावर आमच्या पुढे उसाचे दोन ट्रॅक्टर, मागे एक, आणि मधोमध आत छोटं घर थाटलेली आमची पांढरी ट्रॅव्हलर, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. काटेवाल्या पोराला वाटलं, रस्ता चुकली. मी खाली उतरून म्हटलं, "ऊस नाही, संसार आहे. भरून आणलाय, वजन कर." आधी आख्खी गाडी चढवली, मग फक्त डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर. पावती हातात आली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. पाणी, गॅस, भांडी आणि आम्ही दोघं धरून गाडी आरसीवरच्या मर्यादेच्या जेमतेम ९० किलो आत होती. आणि डावी बाजू उजवीपेक्षा १६० किलो जड होती, कारण ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या असं सगळं वजनदार सामान बांधणाऱ्यानं एकाच भिंतीला लावलं होतं. मागचा डावा टायर कडेनं का झिजतोय म्हणून आम्ही वर्षभर अलाइनमेंटवाल्याशी भांडत होतो. त्याचा काही दोष नव्हता.

म्हणून ही समीक्षा वजनकाट्यापासून सुरू करते. कॅम्पर व्हॅन ताब्यात घ्यायला जाल तेव्हा शोरूममध्ये दिवे लावून फोटो काढत बसू नका. टाकी भरा, सिलिंडर ठेवा, तुम्ही आत बसा आणि काट्यावर जा. मगच शेवटचा चेक फाडा.

मी सांगलीची, ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. गाडी ही ह्यांची हौस. माझी अट एवढीच होती की रजिस्टर मी ठेवणार. २०२१ च्या डिसेंबरात गाडी घरी आली. फोर्स ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर एका वर्कशॉपनं आतलं घर बांधून दिलं: दोघांचा पलंग, ओटा, फ्रिज, ९० लिटरची पाण्याची टाकी, छोटं टॉयलेट, छतावर सोलर. आजवर ३१ हजार किलोमीटर झाले आणि आत १४७ रात्री काढल्या. बाकीचे १३००-१४०० दिवस गाडी भावाच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. घराजवळ ठेवत नाही, कारण २०१९ च्या पुरात आमच्या बोळात कमरेएवढं पाणी होतं आणि कृष्णामाईवर माझा तेवढा विश्वास उरलेला नाही.

हा हिशोब नीट बघा. चालणाऱ्या गाडीची काळजी कशी घ्यायची ते कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण ही गाडी मुख्यतः उभी असते, आणि माझ्या रजिस्टरमधल्या खर्चाच्या नोंदी वाचल्या तर निम्म्याहून जास्त बिघाड उभ्या गाडीत झालेत.

मूळ गाडीबद्दल तक्रार नाही. सुटे भाग गावोगावी मिळतात, कारण शाळेची मुलं आणि लग्नाची वऱ्हाडं याच गाडीतून जातात. डिझेलला लिटरमागे १० किलोमीटरच्या आसपास पडतं. आंबा घाटात हे दुसऱ्या गिअरवर उतरवतात, ब्रेकवर नाही. एवढं वजन घेऊन सारखा ब्रेक दाबला की वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झाला. गाडीची उंची मात्र सोलर आणि पंखा धरून ९ फूट ४ इंच झाली. ती पट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली आहे. रत्नागिरीच्या एका पेट्रोल पंपाच्या छपरानं आम्हाला हे शिकवलं.

आता बांधकाम. इथं मला लाल पेन काढावं लागतं.

सुरुवात छतापासून. पहिल्या जुलैत गणपतीपुळ्याच्या वाटेवर रात्री उशीवर पाणी टपकलं. वर बघितलं तर छत कोरडं. पाण्याचं हे असंच आहे, शिरतं एकीकडे आणि पडतं दुसरीकडे. घरी येऊन आम्ही रीतसर प्रयोग केला. मी आत टॉर्च घेऊन, हे बाहेर नळीनं पाणी मारत. पाणी खालून सुरू करायचं: आधी खिडकीची कड, दहा मिनिटं थांबा, मग वर सरका. एकदम वरूनच ओतलं तर सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही. आमचा चोर सोलरच्या मागच्या पट्टीचा स्क्रू होता. पत्र्याला भोक पाडून वर सिलिकॉनचा गोळा फासला होता. सिलिकॉन बाथरूमच्या टाइल्सना ठीक. उन्हात तापणाऱ्या, घाटात पिळवटणाऱ्या पत्र्यावर ते कडेनं सुटतं. वर त्याचा जरासा जरी अंश राहिला तरी नंतर दुसरं काही त्यावर चिकटत नाही. आम्ही दोन दिवस बसून सगळं खरवडलं, पट्टीखाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ राहणारी चिकट रबरी पट्टी घातली, वरून फट बुजवायला पॉलियुरेथेन सीलंट. तोवर आतला प्लाय फुगून गेला होता, तो बदलायला १४ हजार गेले. आता दर वर्षी मृगाच्या आधी शिडी लावून प्रत्येक सांधा बोटानं चाचपायचा, हे काम पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं आहे.

मग वायरिंग. आयुष्यभर 'व्ही बरोबर आय आर' शिकवलं, आणि माझ्याच गाडीत तो नियम कुणी पाळला नव्हता. आमची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२ व्होल्ट २०० अँपिअर अवर, म्हणजे साधारण अडीच युनिट. इन्व्हर्टरवर इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीनं लावली की बॅटरीकडून दीडशे अँपिअर खेचले जातात. घरच्या २३० व्होल्टवर तीच शेगडी आठ अँपिअरमध्ये भागवते, आणि बांधणाऱ्यानं घरगुती हिशोबानंच वायर ओढली होती. पहिला चहा उकळला तेव्हा मी सवयीनं वायरीला हात लावला. चहाइतकीच गरम. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे दहावीच्या पोरांनाही शिकवतात. वर बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. तो होता इन्व्हर्टरपाशी, म्हणजे मधली दोन मीटर वायर रामभरोसे. जाड केबल, बॅटरीला लागून फ्यूज आणि एक मोठा कट-ऑफ स्विच असं सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं. तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी चालेल. पहिल्या दिवशी शेगडी पाच मिनिटं चालवा आणि वायरीला हात लावा, तो भाजला तर गाडी परत करा.

एसीबद्दल एका वाक्यात सांगते: अडीच युनिटवर तो अडीच तास चालतो, त्यापेक्षा छतातला पंखा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या बऱ्या. आम्ही एसी काढून भावाच्या घरी लावला, गाडी ४० किलोनं हलकी झाली आणि वहिनीही खूश झाल्या. फ्रिज, दिवे, पंखा आणि दोन वेळचा स्वयंपाक यांना दिवसाला सव्वा ते दीड युनिट लागतं. एप्रिलमध्ये सोलर तेवढं देतो. जुलैत घाटात ढगाखाली पाव युनिट मिळालं तरी आनंद मानायचा. तेव्हा गाडी चालवताना अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून, बॅटरी चार्ज होते ते कामी येतं. पण त्यातही मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-डीसी चार्जर हवा. लिथियम थेट जोडली तर ती इतकं खेचते की अल्टरनेटर जळायची वेळ येते.

गाडी उभी ठेवताना लिथियम साठ टक्क्यांवर आणून कट-ऑफ बंद करायचा. कायम फुल्ल ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. इंजिनाची बॅटरी मात्र उलट: तिला ट्रॅकर आणि सायरन गुपचूप पीत राहतात, महिन्याभरात उताणी. तिला आठवड्याला चार्जर लावा नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवा.

गॅसचं सांगताना मी जरा मास्तरीण होते, माफ करा. ५ किलोचा छोटा सिलिंडर आमच्याकडे बॅकअप म्हणून आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा फरशीवर साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, गाडीच्या बाहेर उघडणारं भोक लागतं आणि डिटेक्टरही फरशीपासून वीतभर उंचीवर लागतो. आमचा डिटेक्टर बांधणाऱ्यानं छताला, दिव्याशेजारी, शोभेसाठी लावला होता. तिथं तो वाजला असता तेव्हा ऐकायला आम्ही नसतो. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद, हे मी मोठ्यानं विचारते आणि हे मोठ्यानं उत्तर देतात, विमानात देतात तसं.

पाण्याची टाकी पांढरी, अर्धपारदर्शक होती. उजेड आत जातो म्हणजे शेवाळ येणारच, आणि ते आलं. काळा कागद गुंडाळला, थांबलं. प्रत्येक सहलीआधी क्लोरीनचं द्रावण घालून चार तास ठेवायचं, नळातून थोडं सोडायचं म्हणजे पाइपही धुतला जातो, मग दोनदा साधं पाणी. परत आल्यावर टाकी रिकामी आणि झाकण उघडं. रात्री कुणी नळ उघडला नसताना पंप मधेच 'टक्' करून थांबत असेल तर झोपू नका, कुठेतरी सांधा ठिबकतोय. आमचा पलंगाखाली ठिबकत होता.

टॉयलेट. याबद्दल सगळे कुजबुजत विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. आमचं कॅसेटचं आहे, खालची पेटी बाहेरून ओढून काढायची. दोघांना अडीच दिवस पुरते. रिकामी करायची ती फक्त संडासात, विचारून; मालवणच्या एका घरगुती निवासातल्या वहिनी म्हणाल्या, "ओता, पण मागचो संडास वापरा, आणि बादलीभर पाणी घाला." सेप्टिक टँक असतो, त्यामुळे कडक रसायन नको, जिवाणू मरतात, एन्झाइमचं द्रव्य घ्या. झाकणाच्या रबराला ह्यांनी प्रेमानं खोबरेल लावलं. रबर फुगलं, झाकण बसेना, वास सुटला. त्याला सिलिकॉनचं वंगण लागतं. नवीन रबर यायला तीन आठवडे लागले, तेवढे दिवस ह्यांनी त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

उभ्या गाडीचे उरलेले शत्रू म्हणजे टायर, ब्रेक आणि उंदीर. टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही कोरी दिसो, बदलायचे. पावसाळ्यात महिनाभर हँडब्रेक ओढून ठेवली आणि मागचे ब्रेक ड्रमला चिकटले. आता गिअरमध्ये टाकतो आणि चाकांना लाकडी ठोकळे. दर पंधरवड्याला हे वीस किलोमीटर चालवून आणतात. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालू करणं म्हणजे देवळाच्या दारातून नमस्कार, त्यानं गाडी तापत नाही आणि इंजिनात जमलेलं दवाचं पाणी आतच राहतं. डिझेलची टाकी भरून ठेवतो, म्हणजे आत दव साचायला जागा नाही.

उंदरांपुढे मात्र आम्ही हरलो. मळ्यात शेजारीच कडब्याची गंजी. तंबाखूची पानं ठेवली, डांबरगोळ्या ठेवल्या. डांबरगोळ्यांनी पलंगाला वास आला आणि उंदरांनी तंबाखूवर घर बांधलं. फरशीतून जाणारं प्रत्येक भोक स्टीलच्या घासणीनं बुजवलं तेव्हा कुठे पंपाची वायर शाबूत राहिली. खाण्याचा कण आत ठेवायचा नाही, साबणसुद्धा नाही.

कागदपत्रांत दोनच गोष्टी बघा. आरसीवर वाहनाचा प्रकार कॅम्पर व्हॅन म्हणून चढलेला हवा. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बांधणाऱ्याकडे त्याची मान्यता आहे का ते कागद बघून ठरवा, तोंडी नको. आणि विम्याच्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत, आतलं बांधकाम धरलं आहे का ते विचारा. आमच्या पहिल्या पॉलिसीत फक्त रिकामी ट्रॅव्हलर होती.

मुक्कामासाठी आम्ही रिसॉर्टचं किंवा घरगुती निवासाचं अंगण पैसे देऊन घेतो. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, पण आमचा भरवसा अजून अंगणात प्लग पॉइंट आणि नळ असलेल्या काकांवरच आहे. वेळणेश्वरला असे एक काका आहेत, सकाळी घावनं आणून देतात.

गुण विचाराल तर मूळ गाडीला ८२, बांधकामाला ४१. सुधारणा धरून आज एकूण ६८, प्रथम श्रेणी, पण विशेष प्रावीण्य नाही. सुधारणांवर चार वर्षांत १ लाख ३७ हजार गेले, त्यात टायर धरलेले नाहीत. वर्षाला तीस रात्रींच्या खाली राहणार असाल तर भाड्यानं घ्या, उंदीर दुसऱ्याचे. मेकॅनिकल आवड नसलेल्या माणसानं घेऊ नये, आणि आवड असलेल्यानं बायकोला विचारल्याशिवाय घेऊ नये.

बॅटऱ्या गेल्या आठवड्यात उजव्या बाजूला हलवल्या. सोमवारी परत काट्यावर जायचंय. हंगाम संपलाय, त्यामुळे या वेळी रांग नसेल.