शिआनमध्ये 'तीन हजार वर्षांपूर्वीचं' पात्र कोणी दाखवलं तर सावध राहा

चीनला मशिनरी बघायला जाणाऱ्या कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या मंडळींनी हे जरूर वाचावं. शिआनमध्ये एका दुकानदारानं आणि त्याला आतून मिळालेल्या दुभाष्यानं मला अठरा हजार युआनना फसवलं. वस्तू होती ग्वेइ, म्हणजे पूर्वजांना अन्न अर्पण करायचं दोन कानांचं कांस्यपात्र. पश्चिम झोऊ काळातलं, म्हणजे इ.स.पूर्व १०४६ ते ७७१ मधलं, असं सांगून विकलेलं.

माझी फाउंड्री आहे आणि जुन्या ओतकामाचं मला वेड आहे, हे दुभाष्याला प्रवासातच कळलं होतं. सापळा त्यावरच बेतला होता. पहिल्या भेटीत दुकानदारानं विक्रीचं नावही काढलं नाही. त्यानं ह त्सुनची हकिगत सांगितली. शाआन्शी प्रांतात बाओजीजवळ १९६३ मध्ये सापडलेलं हे पात्र भंगारात गेलं, १९६५ मध्ये तिथल्या संग्रहालयानं ते तीस युआनला घेतलं आणि १९७५ मध्ये गंज साफ करताना तळाशी १२२ अक्षरांचा लेख निघाला. राजा छंगनं नवी राजधानी वसवल्याचा वृत्तांत त्यात आहे. हे सगळं खरं आहे. रात्री हॉटेलवर पडताळून पाहिलं, तर सगळं जुळलं.

दुसऱ्या दिवशी ग्वेइ बाहेर आला. शेत खणताना सापडला असं सांगितलं. आत मातीचा जाड थर. दुकानदारानं मऊ ब्रश ओला करून तळ घासायला घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत चिखलातून एकेक अक्षर उघडं पडू लागलं. शेवटची ओळ 'मुलानातवंडांनी हे कायम जपावं आणि वापरावं' अशा अर्थाची. झोऊ काळातल्या कितीतरी पात्रांवरचे लेख याच शब्दांनी संपतात, त्यामुळे पडताळायला गेलं की ती ओळ बरोबरच निघते. ओला कागद लेखावर बसवून, वरून शाई थापून त्यानं ठसाही काढून दिला.

बिलावर मात्र 'हस्तकलेची वस्तू' असं लिहिलं. कस्टमला त्रास नको म्हणून, असं दुभाषी म्हणाला. खरी मेख इथेच आहे. चीनमध्ये जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू कायद्यानं सरकारची असते आणि १९११ पूर्वीच्या पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. माल अस्सल असेल तर तुम्ही तस्करीत अडकता आणि नकली असेल तर दुकानदारानं बिलावर खरं तेच लिहून दिलेलं असतं. पैसे परत मागितले तेव्हा दुभाष्यानं उलट मलाच पोलिसांची भीती घातली.

आपल्याकडे आणल्यावर एक्स-रे काढला. शांग आणि त्यानंतरच्या झोऊ काळातले ओतारी मातीच्या तुकड्यातुकड्यांचा साचा करत. साचा आणि कोअर (पात्र पोकळ राहावं म्हणून आत ठेवलेला गाभा) यांच्यात अंतर राहावं म्हणून कांस्याचेच बारीक तुकडे ठेवत, आपण चॅप्लेट ठेवतो तसे. ओतल्यावर ते आत अडकून राहतात आणि एक्स-रेत वेगळे ओळखू येतात. ह्या ग्वेइत एकही नव्हता. बाहेर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे तुकडे जुळतात तिथे उमटणारी रेघ, होती, पण ती कानाखाली मध्येच संपत होती. म्हणजे पात्र मेणाच्या नमुन्यावरून ओतलेलं आणि रेघ त्या नमुन्यावर मुद्दाम उठवलेली. मग ॲसिटोनचा बोळा फिरवला. हिरवा गंज बोळ्यावर उतरला आणि खाली थेट पिवळा धातू दिसला. खऱ्या जुन्या कांस्यावर हिरव्या थराखाली बहुधा तांबूस थर असतो, आणि तो असा पुसून निघत नाही.

लेख असला की पात्राचा भाव चढतो, म्हणून खोटे लेख घालण्याचा उद्योग चीनच्या शेवटच्या, छिंग राजघराण्याच्या काळातही जोरात होता. कधी पात्र अस्सल आणि लेख तेवढा नवा, असंही करतात. लुओयांगजवळ प्रतिकृती बनवणारे कारागीर आहेत. प्रतिकृती म्हणूनच विकतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. अशी वस्तू हवी असेल तर ती उघडपणे प्रतिकृती म्हणून घ्या. आणि अस्सल लेख पाहायचे असतील तर बाओजीचं कांस्य संग्रहालय गाठा, ह त्सुन तिथेच आहे.

अलीकडेच सांगलीच्या एका उद्योजक मित्रानं शिआनहून मला फोटो पाठवला. पात्र वेगळं, तळावर तसाच ओला चिखल. मी लगेच फोन करून त्याला थांबवलं. त्यानं 'आधी एक्स-रे काढू' म्हटल्यावर दुकानदारानं पात्र उचलून आत नेलं.