लक्झरी गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी: मुंबईतल्या १६ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी २ लिटर टर्बो पेट्रोल, ८ गिअरची ऑटोमॅटिक, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे), वर पॅनोरमिक सनरूफ. मूळ ३ वर्षांची वॉरंटी संपायच्या आधी कंपनीचीच २ वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. त्यातले १६ महिने झाले, ओडोमीटरवर ३१,४०० किलोमीटर आहेत. एवढ्या काळात तीन क्लेम टाकले, दोन मंजूर झाले आणि एक नाकारला गेला. घ्यावी की नाही, याचं माझं उत्तर असं: गाडीला एअर सस्पेन्शन असेल आणि ती पाच वर्षं ठेवायची असेल तर घ्या. पण कंपनीचीच घ्या, आणि ती आहे म्हणून विम्यात काटकसर करू नका. मुंबईचे खड्डे आणि मुंबईचा पाऊस गाडीचं जे नुकसान करतात, त्यातलं बरंचसं वॉरंटीत बसतच नाही.

आधी स्वतःच्या गाडीला मुळात किती वर्षांची वॉरंटी आहे ते बघा. मर्सिडीज ३ वर्षांची देते, किलोमीटरची मर्यादा नाही. ऑडीने २०२२ मध्ये, १ जूनपासून विकलेल्या गाड्यांना ५ वर्षांची जाहीर केली. मुळातच पाच वर्षं मिळत असतील तर घाईने काही घ्यायचं कारण नाही. मग प्रश्न सहाव्या-सातव्या वर्षाचा, आणि तोवर गाडी ठेवणार का याचा.

शोरूममध्ये ‘अनलिमिटेड किलोमीटर’ हे शब्द फार ठासून सांगतात. दादर ते बीकेसी अशी गाडी चालवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. मुंबईत गाडी किलोमीटरने जुनी होत नाही, तासांनी आणि पावसाळ्यांनी होते. ट्रिप कॉम्प्युटरवरचा सरासरी वेग बघा. माझ्या गाडीचा ताशी १८ किलोमीटर येतो. म्हणजे ३१,४०० किलोमीटरला इंजिन साधारण १,७४४ तास चाललं. हायवेवर ताशी ६५ च्या सरासरीने तेवढ्याच तासांत १ लाख १३ हजार किलोमीटर झाले असते. ‘तुमचं रनिंग कमी आहे, वॉरंटी कशाला’ असं कुणी म्हटलं की हा हिशोब डोळ्यासमोर ठेवा. रबर, कूलंटच्या वाटेवरचे प्लॅस्टिकचे भाग, गॅस्केट आणि दमट हवेत राहणारे सेन्सर रनिंग बघून खराब होत नाहीत. ऑइलही याच कारणाने किलोमीटरची वाट न पाहता वर्षाला बदलायचंच, त्याचं बिल जपून ठेवायचं. सर्व्हिसची तारीख चुकली की इंजिनाचा क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. किती दिवस उशीर चालतो हे करारात लिहिलेलं असतं, सर्व्हिस अॅडव्हायझरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कराराचे दोन प्रकार असतात आणि फरक मोठा आहे. एकात कोणते भाग मिळणार त्यांची यादी असते, यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्यात कोणते भाग मिळणार नाहीत ते लिहिलेलं असतं, बाकी सगळं मिळतं. दुसराच घ्यावा. बाहेरच्या कंपन्यांच्या स्वस्त वॉरंट्या बहुधा पहिल्या प्रकारच्या असतात, शिवाय एका क्लेमची आणि एकूण क्लेमची रक्कम बांधलेली असते. यादीत ‘गिअरबॉक्स’ असतो, पण त्याचा मेकाट्रॉनिक म्हणजे व्हॉल्व्ह आणि कंट्रोलरचा संच त्यात धरला आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. खर्च तिथेच असतो.

एअर सस्पेन्शनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे पैसे तिथेच वसूल झाले. हवेचं रबरी बेलो, म्हणजे स्प्रिंगच्या जागचा फुगा, घडीवर चिरतं. आधी केसाएवढी भेग पडते, गाडी रात्रभर उभी राहिली की एक कोपरा थोडा खाली बसतो. सकाळी स्टार्ट केली की कॉम्प्रेसर हवा भरून ती सरळ करतो, म्हणून लक्षात येत नाही. कॉम्प्रेसर मात्र रोज जास्त वेळ चालतो, तापतो आणि काही महिन्यांनी जळतो. कधी त्याचा रिले चिकटतो आणि मोटर बंदच होत नाही. डॅशबोर्डवर इशारा येईपर्यंत थांबलात तर एकाच्या जागी तीन भाग जातात. मग ‘आधीच्या बिघाडाकडे दुर्लक्ष केल्यामुळे झालेलं नुकसान’ म्हणून कॉम्प्रेसरचा क्लेम अडकू शकतो.

घरच्या घरी तपासता येतं. सपाट फरशीवर गाडी लावा, स्टॅक पार्किंगच्या उतरत्या पाटावर नको. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मोजून लिहून ठेवा. दहा-बारा तासांनी, दार न उघडता पुन्हा मोजा, कारण दार उघडलं की काही गाड्या लगेच उंची जुळवायला घेतात. चारही कोपरे सारखेच दोन-चार मिलिमीटर उतरले तर काळजी नाही. एकच कोपरा १० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. वर्कशॉपमध्ये लिफ्टवर घेतल्यावर बेलोच्या घडीवर साबणाचं पाणी मारायला सांगा, बुडबुडे दिसतात. माझ्या गाडीचा मागचा डावा कोपरा १४ मिलिमीटर उतरत होता. मोजमापाचे दोन फोटो जॉब कार्डला, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार नोंदवायच्या कागदाला, लावले. बेलो आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच क्लेममध्ये बदलून मिळाले.

दुसरा मंजूर क्लेम हेडलाइटचा. पावसाळ्यात एलईडी हेडलाइटच्या काचेवर आतून पातळ धुकं येणं सगळ्याच कंपन्या नॉर्मल धरतात. दिवे लावून अर्धा तास चालवल्यावर ते गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा तळाशी थेंब जमून पाणी हलताना दिसलं, तर सील गेलेलं असतं. पहिल्या खेपेला ‘नॉर्मल आहे’ म्हणून गाडी परत दिली होती. दुसऱ्या खेपेला तळाशी साठलेल्या पाण्याचा, ओडोमीटरसह काढलेला व्हिडिओ दाखवला आणि संच बदलून मिळाला. या हेडलाइटमध्ये नुसता बल्ब बदलता येत नाही, पूर्ण संचच बदलावा लागतो. ऐपत असली तरी तो एस्टिमेट बघून माणूस हबकतो.

नाकारला गेलेला क्लेम पुढच्या लोअर आर्मच्या (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशचा. बुश, ब्रेक पॅड, डिस्क, वायपर, टायर, बॅटरी हे सगळं ‘झिजणारे भाग’ या सदरात जातं आणि त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. बुश फाटतो तो पेव्हर ब्लॉकच्या उंचवट्यांनी आणि खड्ड्यांनी, तरी करारात तो झिजलाच म्हणायचा. मला पटलेलं नाही, पण वाक्य स्पष्ट लिहिलेलं होतं. खड्ड्यात आर्म वाकला, रिम तडकली किंवा टायरला फुगा आला तर तो अपघात, म्हणजे विम्याचा विषय. त्यातही रिम आणि टायरसाठी वेगळं अॅड-ऑन लागतं. इथे एक हिशोब कायम करावा. वॉरंटीच्या क्लेमने नो क्लेम बोनसला, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, धक्का लागत नाही, विम्याच्या एका क्लेमने तो शून्यावर येतो. बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल तर लहानसहान काम खिशातून करणं स्वस्त पडतं.

पाण्याचं तर वेगळंच. हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी आणि मिलन सबवे ही पाणी तुंबण्याच्या जागांची नावं पाठ असलेल्या शहरात हे नीट कळायला हवं. साठलेल्या पाण्यात गाडी घातली, हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कुठलीच वॉरंटी पैसे देत नाही. साधा सर्वसमावेशक विमाही देत नाही, झिरो डेप्रिसिएशन (भागांची घसारा न कापता भरपाई देणारं अॅड-ऑन) घेतलं असलं तरी नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन पाहिजे. आणि ते असलं तरी बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट करायची नाही. त्या एका सेल्फने क्लेम जाऊ शकतो. इग्निशन बंद करायचं, ढकलून बाजूला घ्यायची किंवा गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवायचा.

सनरूफमधून आत येणारं पाणी मात्र वॉरंटी आणि विमा या दोघांच्या मधल्या फटीत पडतं. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या दरवाजांच्या खांबांतून खाली उतरतात. झाडाखाली लावलेल्या गाडीत त्या पाचोळ्याने आणि धुळीने तुंबतात. पाणी छताच्या अस्तरातून कार्पेटखाली जातं, तिथे अनेक गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल बसवलेले असतात. वॉरंटीवाले म्हणतात देखभाल केली नाही, विमेवाले म्हणतात हा अपघात नव्हे. म्हणून मे महिन्यातच सनरूफ उघडून पुढच्या एकेका कोपऱ्यात छोट्या पेल्याने सावकाश २०० मिलिलिटर पाणी ओता. ते पुढच्या चाकाच्या मागे किंवा दाराच्या बिजागरीजवळ धारेने खाली यायला हवं. तुंबलेलं असेल तर नायलॉनची जाड तार घालून साफ करा. गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारायला निघाला तर थांबवा. दाबाने नळी आतल्या आत टोकावरून निघते आणि पुढचं सगळं पाणी थेट कार्पेटवर येतं.

त्याच फटीत आणखी दोन गोष्टी आहेत. एक, बीएस-६ डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. तो जाळून साफ व्हायला सलग वीसेक मिनिटं मोकळा रस्ता लागतो, आणि शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो मिळत नाही. तुंबला की ‘वापराची पद्धत’ असं कारण येतं. डिझेल असेल तर पंधरवड्यातून एकदा कोस्टल रोड किंवा अटल सेतूवरून एक फेरी मारा, इशारा लागलेला असताना इंजिन बंद करू नका. दुसरी, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. पोडियमच्या पार्किंगमध्ये हे नित्याचं आहे. वॉरंटी देत नाही, विमा देतो का ते पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. घेण्याआधी लेखी विचारून ठेवा.

किंमत कशी ठरवायची? डीलरकडून पाच गोष्टींचे मजुरीसह लेखी एस्टिमेट मागा: पुढचा एक एअर स्ट्रट (बेलो आणि शॉकअपचा एकत्र संच), सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, मेकाट्रॉनिक, एक हेडलाइट संच आणि मधली स्क्रीन. मग प्लॅनची किंमत घ्या. समजा २ लाख सांगितली, १८ टक्के जीएसटी धरून २,३६,००० झाली, म्हणजे २४ महिन्यांत महिन्याला साधारण ९,८०० रुपये. पाचातले कुठलेही दोन भाग मिळून ही रक्कम ओलांडत असतील तर प्लॅन महाग नाही. गाडीला साधे शॉकअप असतील, सनरूफ नसेल आणि हेडलाइट साधे असतील तर तेवढे पैसे मुदत ठेवीत टाकलेले बरे. मूळ वॉरंटी संपल्यावर घ्यायला गेलात तर आधी तपासणी लागते आणि दरही वाढतो, काही ठिकाणी मिळतच नाही. नवी गाडी घेताना किंवा डिसेंबरात स्टॉक काढायच्या वेळी घासाघीस करता येते, कारण वॉरंटीवर शोरूमलाही कमिशन असतं.

गिअरबॉक्सबद्दल थोडकंच. गाडीच्या कंपन्या ऑइलला ‘लाइफटाइम’ म्हणतात, पण ८ गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते. ते काम वॉरंटीच्या काळात बाहेर करू नका. ड्युअल क्लच असेल तर क्लच प्लेट झीज धरली जाते, बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून रांगत जाऊ नका.

क्लेम टाकताना जॉब कार्डवर निदान लिहू नका, लक्षण लिहा. ‘कॉम्प्रेसर खराब’ नको, ‘रात्रभर उभी राहिल्यावर मागचा डावा कोपरा १४ मिलिमीटर खाली बसतो’ असं लिहा. थंड इंजिनावरची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी वर्कशॉपमध्ये सोडा. बाहेरच्या गॅरेजात स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसू नका, कोड साठलेले असणं हाच तुमचा पुरावा. उघडून बघायचं असं म्हणाले तर क्लेम नाकारल्यास उघडण्याची मजुरी कोण देणार हे आधी लिहून घ्या. नकार तोंडी स्वीकारू नका, कलमाच्या क्रमांकासह मेल मागा. पुष्कळदा मेल मागितल्यावरच फाइल पुन्हा उघडते. तरीही अडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्यापुढे ग्राहक आयोग, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. खरेदीसाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगात.

विकायची असेल तर वॉरंटी पुढच्या मालकाच्या नावावर होते का आणि आरसी बदलल्यावर किती दिवसांत कळवायचं, एवढं पाहून ठेवा. उरलेल्या महिन्यांची वॉरंटी दाखवली की गिऱ्हाईक भावात कमी ताणतं.

माझे आठ महिने उरलेत. बाविसाव्या महिन्यात गाडी लिफ्टवर घेऊन सगळ्या मॉड्यूलचं स्कॅन करून घेणार आहे, पावसाळ्यानंतरची कूलंटची पातळी थंड इंजिनावर पाहणार आहे, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या सांध्यांवर वाळलेला रंगीत थर, म्हणजे कूलंट गळल्याची खूण, आहे का ते टॉर्चने बघणार आहे. जे काही सापडेल ते त्याच दिवशी जॉब कार्डवर जाईल. पार्ट यायला महिना लागला तरी चालतो, तक्रारीची तारीख मात्र वॉरंटीच्या आतली हवी.