काडो-एनएफएस: आरएसए फोडल्याच्या दाव्यांसाठी घरचा काटा

आरएसए म्हणजे मजकूर गुप्त ठेवण्याची एक पद्धत; एका प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधून काढणं म्हणजे ती फोडणं. आरएसए फोडल्याची बातमी आली की आधी एवढंच पाहायचं: फोडलेली संख्या किती बिटांची होती? डिसेंबर 2022 मध्ये चिनी संशोधकांनी 372 क्युबिटांत (क्वांटम संगणकाच्या बिटांत) 2048 बिटांचा आरएसए फुटेल असं मांडलं. प्रत्यक्षात फोडली होती ती 48 बिटांची 261980999226229. लिनक्सच्या टर्मिनलवर 'फॅक्टर' लिहून ही संख्या द्या. एंटर दाबताच 15538213 आणि 16860433 समोर येतात.

त्याहून मोठ्या आकड्यांसाठी काडो-एनएफएस, हा अवयव शोधणारा प्रोग्राम. फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 829 बिटांचा आरएसए-250 यानेच फोडला, सुमारे 2,700 कोअर-वर्षं (एकाच प्रोसेसर-कोअरला लागली असती इतकी वर्षं) खर्चून. सोर्स उतरवा, 'मेक' चालवा, पायथन स्क्रिप्टला संख्या द्या. बहुपदी निवडण्यापासून वर्गमूळापर्यंत सगळं ती ओळीने करते. सोबत दिलेली 59 अंकी संख्या साध्या लॅपटॉपवरही चटकन फुटते, सुरुवात तिच्यापासूनच करा.

घोळ होतो तो फोल्डरचा. काहीच सांगितलं नाही तर सगळं काम टेंप या तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतं आणि मशीन रीस्टार्ट झालं की बहुधा पुसलं जातं. म्हणून 'वर्कडिर', म्हणजे कामाचं फोल्डर, आधीच द्या. मग काम मध्येच थांबलं तरी तिथल्या पॅरामीटर्स स्नॅपशॉट फाइलवरून पुढे नेता येतं. चाळणीचं, म्हणजे अवयवांकडे नेणारे संख्यांमधले संबंध गोळा करण्याचं, काम हव्या तितक्या मशीनवर वाटता येतं. त्या संबंधांवरचं रेषीय बीजगणित मात्र तसं विखरत नाही: एकच अवाढव्य मॅट्रिक्स, भरपूर रॅम आणि मशीन एकाहून जास्त असतील तर वेगवान नेटवर्कही. मोठ्या संख्या इथेच अडतात.

मला सर्वात मोलाचा वाटतो तो चाळणीचा लॉग. किती संबंध सापडले आणि किती हवेत, हे त्यात सतत दिसतं. दाव्याचा खरेखोटेपणा इथेच कळतो. 2021 मध्ये गणितज्ञ क्लाउस श्नोर यांच्या अवयव शोधण्याची रीत मांडणाऱ्या लेखात आरएसए उद्ध्वस्त झाल्याचं वाक्य होतं. संशोधक लिओ ड्यूका यांनी ती रीत सेज या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली, तर संबंधच हाती लागेनात. 2022 चा दावा याच रीतीवर उभा होता.

512 बिट फोडल्याचं कुणी सांगितलं तर त्यात नवल नाही: 2015 मध्येच अमेझॉनच्या भाड्याच्या मशीनवर ते चार तासांच्या आत, साधारण 75 डॉलरांत झालं होतं. दावेदाराला संख्या निवडू देऊ नका. ओपनएसएसएल या प्रोग्रामने 1024 बिटांची नवी किल्ली बनवा आणि तिची फक्त सार्वजनिक बाजू, जिच्यात फोडायची संख्या असते, त्याला द्या. अवयव आले तर गुणून पाहायला क्षणही लागत नाही.